घरी बांधलेला छोटा बुलडोझर : त्याची परीक्षा आणि सुधारणा

बुलडोझर म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहते ते धरणाच्या अथवा हमरस्त्याच्या कामावरील धुरळा उडवीत चालणारे पिवळे, अजस्र यंत्र. असले यंत्र कोणी आपल्या परसात, हाती असलेल्या साधनांनी बांधू शकेल ही कल्पना प्रथम ऐकताना थोडी हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु इतिहासाकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते. बुलडोझरच्या जन्मकथेतच घरगुती कारागिरीचा वाटा आहे.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मॉरोव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. १९२३ साली त्या भागात जमिनीखालून तेलाची नळवाहिनी टाकण्याचे काम चालू होते. नळ बसविल्यावर उघडा राहिलेला चर पुन्हा मातीने बुजवावा लागे, आणि ते काम खेचरांच्या साहाय्याने मोठ्या संथपणाने चाले. जेम्स कमिंग्ज हा तरुण शेतकरी आणि अर्ल मॅक्लाउड हा आराखडे काढणारा त्याचा जोडीदार, या दोघांच्या मनात असे आले की, ट्रॅक्टरच्या पुढील भागी एक रुंद लोखंडी पाते बसविले तर हेच काम थोडक्या वेळात होईल. जुन्या मोटारीचा सांगाडा, पवनचक्कीच्या स्प्रिंगा आणि भंगारात मिळालेले इतर सुटे भाग जमवून त्यांनी ते पाते उभे केले. १९२५ च्या जानेवारीत त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्या पहिल्या यंत्राची प्रतिकृती मॉरोव्हिलच्या सार्वजनिक बागेत ठेवलेली आहे.

तेव्हा आज कोणी हौशी कारागीर भंगारातील गिअरपेटी, पाण्याच्या पंपाचे एंजिन आणि लोखंडी पट्ट्या जमवून छोटा बुलडोझर बांधू लागला, तर तो काही जगावेगळे करीत नसतो. मात्र असे यंत्र बांधणाऱ्या बहुतेकांची एक समजूत असते. शेवटचा बोल्ट आवळला, एंजिन सुरू झाले आणि यंत्र चार पावले पुढे गेले, की काम संपले असे त्यांना वाटते. वस्तुतः त्या क्षणी निम्मेच काम झालेले असते. यंत्र चालते की नाही हा एक प्रश्न. ते काम करते की नाही हा दुसरा. आणि काम करताना चालविणाऱ्याला सुखरूप घरी पाठविते की नाही हा तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे परीक्षेवाचून मिळत नाहीत.

परीक्षा समजून घेण्यापूर्वी यंत्राची अंगे थोडक्यात पाहू. बुलडोझरची मुख्य अंगे तीन : जमीन पकडणारे साखळपट्टे, माती ढकलणारे पाते आणि या दोहोंना बळ पुरविणारे एंजिन. यांपैकी साखळपट्टा हे अंग पात्याहून जुने आहे. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनच्या आसपासची जमीन इतकी भुसभुशीत, की वाफेच्या ट्रॅक्टरची जड चाके तीत रुतून बसत. चाके रुंद करून पाहिली, तरी यंत्र अवजड होण्यापलीकडे फारसे काही साधले नाही. अखेर बेंजामिन होल्ट याने चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसविले आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी शेतात नेऊन यंत्राची परीक्षा घेतली. सुरवंटासारखे सरपटणारे ते यंत्र जेथे चाके रुतत तेथून सहज निघून गेले. सुरवंटाचे इंग्रजी नाव पुढे त्या यंत्राला कायमचे चिकटले.

यंत्र लहान असले म्हणजे ते खेळणे झाले असेही नव्हे. इंग्लंडमधील इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनीने १९३६ मध्ये केवळ ६ अश्वशक्तीचा साखळपट्ट्यांचा ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि त्याच घराण्यातील छोटे ट्रॅक्टर पुढे सुमारे ३० वर्षे निघत राहिले. दुसऱ्या महायुद्धात, ५ मार्च १९४४ च्या रात्री, आसामातील लालाघाट येथून ग्लायडर विमानांतून सैनिक ब्रह्मदेशातील जंगलात उतरले. त्यांच्याबरोबर विमानात मावतील असे छोटे बुलडोझर होते. उतरण्याच्या जागी गवताखाली दडलेल्या चरांमुळे कित्येक ग्लायडर मोडले. तरीही दुसऱ्याच रात्री तेथे मालवाहू विमाने उतरू शकतील एवढी धावपट्टी साफ झाली होती. यंत्राचा आकार आणि त्याची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे यावरून दिसून येईल.

आता उदाहरणादाखल असे धरू, की एका कारागिराने सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाचा आणि ५ अश्वशक्तीचे एंजिन असलेला बुलडोझर बांधला आहे. त्याच्या दोन साखळपट्ट्यांची रुंदी प्रत्येकी १५ सेंटिमीटर असून प्रत्येक पट्टा १०० सेंटिमीटर लांबीपर्यंत जमिनीला टेकतो. दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांतील अंतर ७० सेंटिमीटर, आणि पाते १ मीटर रुंद व ३५ सेंटिमीटर उंच. हे यंत्र मातीच्या ढिगाला भिडते आणि जागीच थांबते. कारागिराच्या मनात येणारा पहिला विचार ठरलेला असतो : एंजिन कमी पडले, मोठे आणले पाहिजे. आणि येथेच बहुधा चूक होते.

यंत्र ढकलते ते एंजिनाच्या जोरावर हे खरे. परंतु किती ढकलता येईल याची मर्यादा एंजिन ठरवीत नाही, ती जमीन ठरविते. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून जड कपाट ढकलू पाहणाऱ्या माणसाचे पाय मागे सरकतात. त्याच्या दंडात बळ कमी नसते, पायाखाली पकड नसते. यंत्राचेही तसेच आहे. यंत्राचे वजन आणि जमिनीची पकड यांचा गुणाकार केला म्हणजे त्याच्या ढकलशक्तीची कमाल मर्यादा निघते. कोरड्या, घट्ट चिकणमातीवर चांगल्या साखळपट्ट्याची पकड वजनाच्या सुमारे ९० टक्के असते. तीच माती ओली झाली तर सुमारे ७० टक्के. आणि कोरड्या वाळूत अवघी ३० टक्के. रबरी चाकांची पकड याच जमिनींवर अनुक्रमे सुमारे ५५, ४५ आणि २० टक्के भरते. साखळपट्ट्यांचा खटाटोप कशासाठी, ते या आकड्यांवरून ध्यानात येईल.

घरगुती पट्ट्याची पकड कारखान्यातील पट्ट्याइतकी धरता येत नाही. ती ६० टक्के मानली तर ५०० किलोंचे यंत्र ३०० किलोंच्या जोराने ढकलू शकेल. ताशी १.८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, या वेगाने ३०० किलोंचा जोर लावण्यास किती शक्ती लागते? ३०० गुणिले अर्धा म्हणजे १५०. आणि ७५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद म्हणजे एक अश्वशक्ती. उत्तर आले २ अश्वशक्ती. गिअर, साखळ्या आणि पट्टे यांच्या घर्षणात निम्मी शक्ती वाया गेली असे धरले, तरी ४ अश्वशक्ती पुरते. म्हणजे ५ अश्वशक्तीचे एंजिन कमी पडत नाही. कमी पडत असेल तर वजन, पकड किंवा योग्य गती यांपैकी काहीतरी. तेच यंत्र माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटर वेगाने, ढकलावे असा हट्ट धरला, तर मात्र सुमारे ११ अश्वशक्ती लागेल. बुलडोझरने सावकाश चालावे यातच त्याचे सामर्थ्य आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणारे एंजिन आणि २५ सेंटिमीटर व्यासाचे दातेरी चाक असेल, तर मधल्या गिअरांनी फेरे सुमारे ८० पटींनी कमी केले पाहिजेत. ४, ४ आणि ५ अशा तीन टप्प्यांत हे साधते.

हा हिशेब न करता मोठे एंजिन बसविले तर काय होते? पट्टे जागच्या जागी अधिक वेगाने फिरतात आणि जमीन उकरतात. पाते एखाद्या पुरलेल्या दगडाला अडले की शेवटच्या टप्प्यातील साखळी तुटते. साखळी जाड केली की आस पिळवटतो; आस जाड केला की बेअरिंग फुटते. प्रत्येक सुधारणा पुढचा भाग मोडीत काढीत जाते. यासाठीच अनुभवी कारागीर एंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये मुद्दाम रबरी बेल्ट ठेवतात. यंत्र एकाएकी अडले तर बेल्ट घसरतो आणि महागाचे भाग वाचतात. अशा वेळी घसरणारा बेल्ट हा यंत्राचा दोष नसून त्याचा पहारेकरी असतो.

परीक्षेचा क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम उभ्या यंत्राची, मग ओझ्याविना चालणाऱ्या यंत्राची, त्यानंतर ओझ्यासह आणि सर्वांत शेवटी उताराची.

उभ्या यंत्राची परीक्षा म्हणजे तोल पाहणे. एंजिन बंद ठेवून, चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावी. यंत्राखाली आडवा एक गोल ओंडका घालून पहारीने यंत्र हळूहळू पुढेमागे सरकवावे. ज्या ठिकाणी ते तराजूच्या दांडीप्रमाणे डुलू लागेल त्या ठिकाणी त्याचा गुरुत्वमध्य आला असे समजावे. ही रेषा साखळपट्ट्यांच्या टेकलेल्या लांबीच्या मध्याजवळ असली पाहिजे. घरगुती यंत्रात ती बहुधा पुढे सरकलेली आढळते, कारण पाते आणि त्याच्या भुजा पुढे लोंबकळत असतात. पाते व भुजा मिळून ६० किलोंच्या असून त्या मध्यापासून ७० सेंटिमीटर पुढे असतील, तर ५०० किलोंच्या यंत्राचा तोल सुमारे ८ सेंटिमीटर पुढे जातो. परिणामी पट्ट्यांचा पुढचा भाग जमिनीत घुसतो आणि मागचा नुसताच टेकलेला राहतो. यावर उपाय सोपा आहे. बैठक, बॅटरी, तेलाची टाकी असे जे सरकविता येईल ते मागे सरकवावे. तेवढ्याने न भागले तर मागील बाजूस लोखंडी वजन बांधावे. हे वजन वाया जात नाही. तोल सावरीत असतानाच ते पकडही वाढविते.

याच वेळी जमिनीवरील दाबाचा हिशेब करून ठेवावा. दोन्ही पट्ट्यांचे मिळून टेकलेले क्षेत्रफळ ३००० चौरस सेंटिमीटर. त्यावर ५०० किलो. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १७० ग्रॅम. उभ्या माणसाच्या तळपायाखालीही साधारण एवढाच दाब असतो. जेथे माणूस रुतत नाही तेथे हे यंत्रही रुतू नये. रुतत असेल तर तोल चुकला आहे, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

दुसरी परीक्षा ओझ्याविना चालण्याची. ती सपाट, मोकळ्या जागी घ्यावी आणि तीत लक्ष साखळपट्ट्यांवर ठेवावे. पुढचे मोकळे चाक, मधले रूळ आणि मागचे दातेरी चाक ही एका ओळीत आहेत की नाहीत हे सुतळी ताणून पाहावे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही वळताना पट्टा उतरवू शकतो. पट्टा फार ढिला असला तर तो उतरतो, फार ताठ असला तर शक्ती खातो आणि बेअरिंगे झिजवितो. या आकाराच्या यंत्रात वरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरांचा झोळ असावा. काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात ही माती दातेरी चाकाच्या दातांत दडपून बसते, चाकाचा व्यास जणू वाढतो आणि बेताचा ताणलेला पट्टा तंतूसारखा ताठ होतो. माती बाहेर पडावी म्हणून चाकाला भोके ठेवणे आणि ओल्या जमिनीवर जाण्यापूर्वी पट्टा थोडा सैल करणे, हे दोन्ही उपाय मोठ्या यंत्रांतही योजतात. पुढच्या चाकामागे जाड स्प्रिंग बसविली, तर पट्ट्यात दगड सापडला असता चाक किंचित मागे सरते आणि पट्टा तुटत नाही.

साखळपट्ट्यांचे यंत्र वळते ते एका बाजूचा पट्टा थांबवून किंवा मंद करून. त्या वेळी पट्टे जमिनीवर आडवे घासतात. यंत्र लांब आणि अरुंद असेल तर हे घासणे इतके वाढते, की यंत्र वळण्याऐवजी सरळच जाते. टेकलेली लांबी ही पट्ट्यांमधील अंतराच्या दीडपटीहून फार जास्त नसावी असा ठोकताळा आहे. वरील उदाहरणात १०० भागिले ७०, म्हणजे हे प्रमाण सुमारे १.४ येते, ते ठीक आहे. प्रमाण दुपटीपर्यंत गेले असेल तर यंत्र तोडून पुन्हा जोडण्याची गरज नाही. पुढचे मोकळे चाक एक-दोन सेंटिमीटर वर उचलावे, म्हणजे टेकलेली लांबी आपोआप कमी होते.

तिसरी परीक्षा ओढीची. वजनाचा स्प्रिंगकाटा, मजबूत लोखंडी दोर आणि खोल मुळे असलेले झाड एवढे साहित्य पुरते. काटा २०० किलोंचाच असेल तर यंत्राला कप्पी अडकवावी. दोराचे एक टोक झाडाला बांधून दोर कप्पीतून परत आणावा आणि दुसरे टोक काट्यामार्फत त्याच झाडाला बांधावे. आता काट्यावर निम्मीच ओढ येते. काटा १५० दाखवील तेव्हा यंत्र ३०० किलोंनी ओढीत असते. येथे दोन पथ्ये कधीही मोडू नयेत. दोर यंत्राला शक्य तितका खाली, मागील आसाच्याही खाली बांधावा. उंच बांधला तर यंत्राचे नाक उचलले जाते आणि ते मागे उलटून चालकावर पडू शकते. ट्रॅक्टरच्या कित्येक प्राणघातक अपघातांचे हेच कारण आहे. दुसरे, ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि दोरावर भिजलेले गोणपाट टाकून ठेवावे. दोर तुटला तर त्याचा तडाखा चाबकासारखा बसतो. काटा वाचणाऱ्यानेही बाजूला, दूर उभे राहावे.

ओढ वाढविता वाढविता शेवटी तीनच गोष्टी होऊ शकतात, आणि त्या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. पट्टे जागी फिरू लागले, तर वजन किंवा पकड कमी आहे. पट्ट्यांवर आडवे लोखंडी अँगल जोडावे किंवा वजन वाढवावे. एंजिन गुदमरून बंद पडले, तर गिअरांनी फेरे पुरेसे कमी केलेले नाहीत. बेल्ट घसरला, तर तो ढिला आहे किंवा तेलकट झाला आहे. काट्यावरचा आकडा मर्यादा किती ते सांगतो. शेवटी काय घडले ते मर्यादा कशामुळे आली ते सांगते. ही दुसरी माहिती नसेल तर सुधारणा म्हणजे अंधारातील चाचपणी होय. आकडा कोरड्या मातीवर, ओल्या मातीवर आणि मुरमावर असा निदान तीन-तीन वेळा टिपावा. पट्ट्याच्या एका कडीला रंग लावून चार फेऱ्यांत यंत्र किती पुढे जाते तेही मोजावे. मोकळे असता १० मीटर आणि ओझ्यासह साडेआठ मीटर गेले, तर घसरण १५ टक्के झाली. घसरण याहून वाढत चालली, की इंधन माती हलविण्यात नव्हे, जमीन उकरण्यात जात आहे असे समजावे.

चौथी परीक्षा पात्याची. पात्यापुढे किती सैल माती मावते याचा रूढ हिशेब असा : रुंदी गुणिले उंचीचा वर्ग गुणिले ०.८. एक मीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच पात्यापुढे सुमारे ०.१ घनमीटर, म्हणजे १०० लिटर माती राहते. तिचे वजन साधारण १३० किलो. ३०० किलोंच्या जोराला ही माती कापणे आणि ढकलणे सहज साधते. याउलट, दिसायला भारदस्त म्हणून १.२ मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच पाते बसविले, तर त्यापुढे ३०० किलोंहून अधिक माती जमेल आणि यंत्र निम्म्या वाटेतच अडेल. हिशेब खरा की खोटा हे पाहण्यासाठी ढकललेला ढीग घमेल्यांनी मोजावा. ही जुनीच रीत आहे आणि ती फसवीत नाही.

पाते वारंवार जमिनीत बुडत असेल, तर चालकाच्या हातापेक्षा भुजांच्या बिजागरीकडे आधी पाहावे. बिजागरी उंचावर असली, तर समोरून येणारा मातीचा विरोध पात्याला खाली ओढतो. ती जितकी खाली तितके पाते शांत राहते. भुजा एंजिनाच्या चौकटीला जोडण्याऐवजी साखळपट्ट्यांच्या चौकटीला जोडाव्या, म्हणजे धक्के एंजिनापर्यंत पोहोचत नाहीत. पात्याची खालची धार बोल्टांनी जोडलेली, बदलता येण्याजोगी असावी. आणि काही सुधारणा यंत्रात नव्हे, काम करण्याच्या रीतीत करावयाच्या असतात. दर खेपेस दोन-तीन सेंटिमीटरच माती कापावी. एकाच चरातून पुन्हा पुन्हा ढकलावे, म्हणजे दोन्ही कडांचा बांध माती बाजूला सांडू देत नाही. शक्य असेल तेथे उताराच्या दिशेने ढकलावे. यंत्राला हात न लावताही काम वाढते ते असे.

पाते उचलण्यासाठी तेलाच्या दाबाचा दट्ट्या बसविला असेल तर तेथेही हिशेब हवा. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यात चौरस सेंटिमीटरला ७० किलो दाब दिला तर सुमारे १३७० किलोंचा जोर निर्माण होतो. म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीहून अधिक. दाब मर्यादेत ठेवणारी झडप नसेल तर भुजा वाकल्याशिवाय राहत नाहीत. नळीतून तेल गळत असल्याचा संशय आल्यास ते बोटाने कधीही चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी.

सर्वांत शेवटी उताराची परीक्षा. ती चालकाला बसवून घ्यावयाची नसते. यंत्राची एकंदर रुंदी ८५ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर कागदावर ते सुमारे ४० अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. परंतु कागदावर खळगे नसतात, दगड नसतात आणि कडेची माती ढासळत नाही. प्रत्यक्षात याच्या निम्म्याहूनही कमी उतारावर काम थांबवावे. बैठक उंच केली, वर छप्पर किंवा जड टाकी चढविली, की गुरुत्वमध्य वर जातो आणि ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून अशा प्रत्येक बदलानंतर हिशेब पुन्हा केला पाहिजे. चालकाच्या डोक्यावरून जाणारी भक्कम लोखंडी कमान आणि कमरेचा पट्टा ही दोन्ही बरोबरच हवीत. कमान असून पट्टा नसेल, तर उलटणाऱ्या यंत्रातून माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडण्याची भीती असते.

घरगुती यंत्राचा विशेष धोका त्याच्या घरगुतीपणातच आहे. ते परसात चालते, जेथे मुले खेळतात आणि शेजारीपाजारी कौतुकाने जवळ येतात. चालकाला मागचे फारसे दिसत नाही. म्हणून बैठकीवरून माणूस उठताच एंजिन बंद पाडणारी कळ बसविणे ही चैन समजू नये. यंत्र थांबविताना पाते नेहमी जमिनीवर टेकवावे. उचललेल्या पात्याखाली, ते लाकडी ठोकळ्यांवर टेकविल्याखेरीज, हातही घालू नये. बंद खोलीत एंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो.

हे सर्व करताना कारागिराजवळ एक वही असणे अगत्याचे आहे. एका वेळी एकच बदल करावा, तीच परीक्षा त्याच जमिनीवर पुन्हा घ्यावी आणि आकडा टिपून ठेवावा. वजनही वाढविले, बेल्टही बदलला आणि पट्ट्यांना अँगलही जोडले, तर ओढ २२० वरून २९० झाली ती कशामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित तिन्हींपैकी एका बदलाने ओढ उलट कमी केलेली असेल आणि उरलेल्या दोहोंनी ते झाकून टाकले असेल. फसलेला प्रयोगही वहीत उतरवावा, कारण तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करण्याचा मोह होतोच.

पाचशे किलोंच्या यंत्राने डोंगर हलत नाही. परंतु विहिरीभोवतालची माती सारखी करणे, शेतातील बांध दुरुस्त करणे, घराकडे येणारी वाट सपाट करणे, पावसाने वाहून आलेला गाळ बाजूला सारणे ही कामे ते खात्रीने करू शकते. फावडे आणि घमेले घेऊन माणसांना कित्येक दिवस लागतील असे काम एका दिवसात होऊ शकते. मॉरोव्हिलच्या त्या दोघांनाही धरण बांधावयाचे नव्हते. एक चर लवकर बुजवावयाचा होता. आपल्या यंत्राकडून नेमके काय हवे हे त्यांना ठाऊक होते. घरी बुलडोझर बांधणाऱ्यानेही आधी काम ठरवावे, मग यंत्र तोलावे, मोजावे आणि सुधारावे. आणि वहीतील आकडे जेथे थांबा म्हणतील तेथे हात आवरावा.